पाहिलंत, की ऐकलंत?

आजवर कोणालाच, अगदी घरीसुद्धा, न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो. सरांनी मला एकदा एक प्रश्न विचारला आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं. प्रश्न त्यांचा नेहमीचाच होता. उजव्या हाताची दोन बोटं वर करायची, चष्म्यावरून बघायचं आणि म्हणायचं, "पाहिलंत, की ऐकलंत?"

असा एखादा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. आमच्या संत तुकाराम नगरातल्या बिल्डिंगमध्ये सर पहिल्या मजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी तावातावानं म्हणाले, "टाकीचं पाणी वरचे लोक सोडून ठेवतात!" लगेच कोपऱ्यातून दोन बोटं वर. "पाहिलंत, की ऐकलंत?" सेक्रेटरींनी वही मिटली. मीटिंग चहावर आली.

भाजीवाल्यालाही सुटका नव्हती. "सकाळी तोडलेली मेथी हाय, सर."

"तोडताना पाहिलीस?"

"मी कुठनं बघनार? मार्केटातनं आनली."

"मग 'तोडली म्हणे' असं म्हण. दे दोन जुड्या."

सरांच्या मुलीला बंगलोरला मुलगा झाला तेव्हा आम्ही पेढे मागायला गेलो. सर म्हणाले, "झालाय असं ऐकलंय. रविवारी जाऊन पाहतो, मग पेढे." काकू आतून ओरडल्या, "अहो, फोटो आलाय ना मोबाइलवर!" सर शांतपणे म्हणाले, "फोटो म्हणजे ऐकण्यातलाच प्रकार."

सर मुळात मास्तर नव्हेत, बातमीदार. तेही युद्धाचे. तरुणपणी त्यांच्या वर्तमानपत्रानं त्यांना सीमेवर पाठवलं होतं. तिथून परत आल्यावर काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली, मुलांच्या बरोबरीनं बाकावर बसून इतिहासात एम.ए. केलं, पुढे पीएचडी केली आणि इथल्या एका कॉलेजात शिकवायला लागले. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर पोरं झोपायची. दुसरे प्राध्यापक हाकलून द्यायचे. सर म्हणायचे, "झोपू द्या. फर्स्ट शिफ्ट करून आलाय. इतिहास घडवून दमलाय बिचारा."

रिटायर झाल्यावर त्यांनी आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कामगारांचा इतिहास लिहायला घेतला. मी विचारलं, "सर, कुठे ते युद्ध आणि कुठे आमची भोसरी-चाकण?"

ते म्हणाले, "लष्कराच्या दवाखान्यानंतर इतके बँडेज बांधलेले हात मी तुमच्या इथल्या बसस्टॉपवरच पाहिले."

मी एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होतो. पत्र्याचे पार्ट ठोकून काढायचं काम. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण माल घाईचा असला की आमच्याकडे एक बटण सायकलच्या ट्यूबच्या रबरानं दाबून बांधून ठेवायचे. मग एका हातानं पार्ट सरकवायचा, दुसऱ्यानं बटण मारायचं. काम पटापट होतं. सगळे करायचे, सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलायचं नाही.

तुळशीराम आमच्याकडे लातूरकडून आलेला. त्याच्या हाताचा चुराडा झाला तो अशाच बांधलेल्या बटणामुळे. चौकशीत ठरलं की रबर त्यानंच बांधलं होतं. चूक त्याची. तो गावी परत गेला.

सरांच्या पुस्तकात त्या अपघातावर एक प्रकरण यायचं होतं. ते माझ्याकडे आले. मी चहा ठेवायला सांगितला. त्यांनी कागद पुढे घेतला.

"रबर कोणी बांधलं?"

"तुळशीरामनंच, सर."

दोन बोटं वर झाली. "पाहिलंत, की ऐकलंत?"

मी म्हणालो, "ऐकलं."

सरांनी तसं लिहून घेतलं. लिहिलेलं ज्याचं त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय छापायचं नाही, ही त्यांची पद्धत. त्यांनी माझं मला वाचून दाखवलं. "बरोबर आहे?" मी म्हणालो, "बरोबर आहे."

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि आपणहून एक गोष्ट सांगितली. सीमेवर असताना ते खालच्या छावणीत होते, लढाई वर डोंगरावर. एका अधिकाऱ्यानं चहा पिता पिता सांगितलं, अमुक जवान हसत हसत गेला. सरांनी तसंच लिहून पाठवलं, पण शेजारी उभं राहून पाहिल्यासारखं. पुढे ते त्या जवानाच्या गावी गेले. बापानं ती बातमी काच लावून भिंतीवर टांगली होती. म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरला. "सायेब, तुमी व्हता न्हवं तितं? खरंच हसत व्हता का वो माजा पोरगा?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"'हो' म्हणालो." सर जरा हसले. "त्या एका 'हो'पायी पीएचडी केली, राव. एकदा मात्र धीर करून खरं सांगायला परत गेलो. उशीर झाला. म्हातारा गेलेला. चौकट भिंतीवर तशीच."

ते माझ्याकडे बघत थांबले. मला बोलता यावं म्हणून त्यांनी आपली जखम उघडून दाखवली होती, हे मला तेव्हाच कळलं. मी म्हणालो, "चहा गार होतोय, सर."

त्यानंतर ते लातूरकडे जाऊन तुळशीरामलाही भेटून आले. जिन्यात गाठ पडली. मी कठडा घट्ट धरून विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, 'मला काई आठवत नाई, सर.'" सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमची खुशाली मात्र विचारली. त्याच्या धाकट्या भावाला तुम्ही कंपनीत लावलंत म्हणे. मला माहीत नव्हतं."

भावाला मी लावलं होतं, हे खरं. का लावलं होतं, ते तुळशीरामला कळत होतं आणि मला कळत होतं.

पुस्तक आलं. त्या प्रकरणात सरांनी लिहिलंय, "बटण कोणी बांधले हे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला भेटला नाही." मला प्रत देताना म्हणाले, "भेटला तर दुसऱ्या आवृत्तीत बदलू. इतिहासाचं ते एक बरं असतं, बातमीसारखं नाही."

मग सरांना पक्षाघात झाला. वाचा गेली. मी भेटायला गेलो, कॉटपाशी बसलो. काकू औषध आणायला आत गेल्या. मी म्हणालो, "सर, ते तुळशीरामचं..." त्यांची नजर माझ्यावर आली. चादरीवरून हात हळूहळू उचलला गेला. दोन बोटं वर झाली. थरथरत होती, पण वर होती.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "त्यांना आता दमवू नका हो." आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "नंतर येतो, सर." ती बोटं मी दारातून पाहिली. अजून वरच होती.

नंतर जायला सर राहिले नाहीत.

परवा काकू जिन्यात भेटल्या. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. "काही दुरुस्ती असेल तर सांगा हं," म्हणाल्या. "पण ह्यांचा नियम माहीत आहे ना? पाहिलेली असेल तरच." त्या हसल्या. मीही हसलो आणि वर निघून आलो.

तुळशीरामच्या अपघाताच्या दिवशी कंपनीच्या दारात गाडी उभी होती, माल द्यायचा होता. तुळशीराम म्हणत होता, "राहू द्या ना साहेब, जमतंय मला दोन्ही हातानं." मी म्हणालो, "गप रे, गाडी काय तुझ्यासाठी थांबणार आहे का?" रबर मी बांधलं. त्याला रिक्षात घालून सगळे धावले, तेव्हा मागे राहून सोडलंही मीच.

हे तुम्हाला सांगितलं म्हणून काही फिटत नाही. तुळशीराम हे वाचणार नाही. त्याच्या गावात अजून लोक म्हणतात, यानं स्वतःच्या हातानं हात घालवला. तो ऐकून घेतो. काकूंकडे अजून मी गेलेलो नाही. लातूरची गाडी रोज आहे.

सरांच्या पुस्तकाला आणि तुळशीरामला, त्याच्या दारात, त्याच्या माणसांसमोर, मी एक वाक्य देणं लागतो: बटण मी बांधलं होतं, आणि मी ते पाहिलं होतं.