मोहाखालची रांग

माझे वडील पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे घडवायचे आणि गावोगाव फिरून झिजलेल्या जात्यांना टाकी लावून द्यायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे मी काय शिकतो हे त्यांना विचारावंसं वाटे, पण काय विचारायचं ते सुचत नसे. म्हणून ते फक्त, "बरं चाललंय न्हवं?" एवढंच म्हणत, आणि मी "हो" म्हणे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी चांदा जिल्ह्यात श्रमदानाच्या शिबिराला जाणार म्हटल्यावर मात्र ते हातातली टाकी ठेवून सरळ बसले. तेव्हा आमचं गाव मुंबई राज्यात आणि चांदा मध्य प्रदेशात. तिकडेही लोक मराठी बोलतात, हे त्यांना काही केल्या पटेना. पण चांद्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. पायी फिरणाऱ्या कुणा बैराग्याने त्यांना सांगितलं होतं, की तिकडे वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जुनी दगडी देवळं आहेत आणि त्यांत चुन्याचा टिपूसही नाही.

"बघून ये," वडील म्हणाले. "चुना न्हाई, मग दगडाला दगड धरून कसा ऱ्हायलाय? सांधा हातानं चाचपून बघ. दुसऱ्यानं सांगितलेलं मला नगं."

त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं त्याआधीचं मला आठवत नाही. मी बघून येतो म्हणालो.

शिबिर सावलीजवळच्या एका खेड्यात होतं. तलावाची फुटलेली पाळ बांधायची होती. आठवडाभर आम्ही माती वाहत असू आणि रविवार मोकळा असे. मार्कंड्याला जायचं तर आधी मोटारीने नदीच्या घाटापर्यंत, मग डोंग्यातून पलीकडे, असं कळलं. सोपं वाटलं.

पहिल्या रविवारी मी सकाळीच सडकेवर गेलो. एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली मोटार थांबे. शेजारी कुडाचं छोटं चहाचं हॉटेल होतं. ते चालवणारे चाचा एकीकडे चहा उकळत आणि दुसरीकडे लोकांच्या भांड्यांना कल्हई करत. झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. म्हणजे आपला पहिला नंबर, असं समजून मी अगदी सडकेच्या कडेला, उन्हात, ताठ उभा राहिलो. पायाशी एका ओळीत काय काय पडलं होतं: फुटक्या मडक्याचा काठ, वाळलेली गोवरी, वहाणेचा तुटका अंगठा, दोनतीन धोंडे, दगडाखाली दाबलेली पळसाची डहाळी. शिबिरात आम्हाला सफाईचं व्रतच दिलेलं असल्यामुळे कचरा बघून मला वाईट वाटलं. उचलावा असंही मनात आलं, पण परक्या गावात उगाच कशाला, म्हणून धीर झाला नाही.

दूरवर मोटारीचा आवाज आला आणि घराघरांतून, सावलीसावलीतून माणसं निघाली. ज्याने त्याने त्या ओळीतली आपली वस्तू उचलून बाजूला फेकली आणि तिच्या जागी स्वतः उभा राहिला. बघता बघता माझ्यापुढे लांब रांग झाली. मोटार भरली. मी राहिलो.

त्या गर्दीत सुक्या झिंग्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी बाई होती. दर रविवारी ती घाटावरच्या बाजाराला जाई. फळीवर पाय ठेवता ठेवता तिने मला हटकलं, "काऊन बाबू, तुमी नाई येत?"

"मी तर सगळ्यांच्या आधी आलो होतो."

"आले असान. पण तुमची वस्तू कुठी हाय?"

"मी स्वतः उभा होतो ना!"

"अवो, माणूस काय, उन्हानं उठून जाते. वस्तू जाते का उठून?" मोटारीतले सगळे हसले आणि मोटार गेली.

तो आठवडा मी माती वाहताना त्या रांगेचाच विचार करत होतो. गावात ज्याला त्याला विचारलं. वस्तू रात्री ठेवली तर चालते? चालते. गाय येऊन तुडवून गेली तर? मग कोणीतरी परत सरळ करते. आणि दुसऱ्याने मुद्दाम मागे सरकवली तर? एकाने उलट विचारलं, "काऊन सरकवीन भाऊ? त्याले रोज याच गावात राहाचं हाय ना?"

दुसऱ्या रविवारी मी उजाडायच्या आत गेलो. ओळीत एकच गोवरी होती. पाठीमागे ठेवायला धोंडा शोधला, पण एवढ्या महत्त्वाच्या कामाला धोंडा काही मनाला येईना. शेवटी माझा पितळी तांब्या ठेवला. त्याच्यावर माझं नाव कोरलेलं होतं. निर्धास्त होऊन विहिरीवर अंघोळीला गेलो. मोटारीचा आवाज ऐकून धावत आलो तर ओळीत तांब्या नाही! गोवरीच्या मागे मडक्याचा काठ, त्याच्या मागे इतर सगळं.

"माझा तांब्या!" मी ओरडलो.

चाचा हॉटेलातून तांब्या हातात घेऊनच बाहेर आले. माझ्याकडे मोठ्या मायेने बघत म्हणाले, "घबराऊ नका बेटा, हिफाजतनं ठेवला मी. पितळेची चीज अशी सडकेवर विसरून जाते का कोणी?"

"विसरलो नव्हतो हो चाचा, नंबर लावला होता!"

चाचांचा चेहरा पडला. मग त्यांनाच हसू फुटलं. "अरे, तांब्यानं कोण नंबर लावते? जे नेलं तर कोणाले फायदा नाई, ते ठेवाचं!"

झिंगेवाल्या बाईने माझी बाजू घेऊन बघितली. "घ्या ना त्याले मंधात, परदेशी हाय बिचारा." पण कंडक्टरने मोटारीत बोट घालायलाही जागा नसल्याचं दाखवलं, आणि ते खरंच होतं. चाचांनी मला फुकट चहा पाजला आणि तांब्याला आतून कल्हई करून दिली. पितळेला आतून चांदीसारखी झाक आली. मार्कंडा राहिला तो राहिलाच.

आता एकच रविवार उरला होता. सोमवारी पहाटे शिबिर उठणार होतं. शनिवारी संध्याकाळी मी पाळीवरून एक खडबडीत दगड घेऊन गेलो आणि ओळीत ठेवला. माझ्या आधी कोणी नव्हतं. रात्री एकदोनदा जाग आली, पण बघायला गेलो नाही.

सकाळी दगड होता तिथेच होता. मी तो उचलून फेकला आणि त्या जागी उभा राहिलो, तेव्हा झिंगेवाली बाई म्हणाली, "आता झाले तुमी इथले."

मोटारीत मला चक्क खिडकीजवळ जागा मिळाली. वाटेत इंजिन तापून मोटार थांबली. क्लीनरने सगळ्यांकडे पाणी मागितलं, आणि आपापल्या लोट्या-बाटल्यांतलं पाणी लोकांनी मुकाट्याने दिलं. माझाही तांब्या रिकामा झाला. या खोळंब्यात घाटावर पोचायला दुपार झाली. बाई बाजाराकडे वळली. परतीची मोटार सूर्य कलता कलता सुटते, चुकू नका, असं तिने दोनदा बजावलं. त्या मोटारीने परतलो नाही तर सोमवारी शिबिराची मुलं मला सोडून जाणार होती.

नदीत पाणी थोडं आणि वाळू फार. वाळू पायाला भाजत होती. मधल्या धारेपुरता डोंगा होता. पलीकडे देवळं दिसली तेव्हा आधी त्यांच्यावरची चित्रंच बघत राहिलो. हत्ती होते, नाचणाऱ्या बाया होत्या, दाढीवाले साधू होते. मग वडिलांचं काम आठवलं. भिंतीशी बसून सांध्यावरून बोट फिरवलं. डोळ्यांना दिसणारी रेघ बोटाला लागत नव्हती. गवताची काडी घालून पाहिली, ती मोडली. दुसरी बारीक काडी घेतली, तीही मोडली. एका बाजूला कधीकाळी पडलेले दगड होते. त्यांच्या अंगावर खाचा होत्या, आणि शेजारच्या दगडाला तेवढाच उंचवटा. हाताने माप घेतलं. जुळलं.

अजून पुष्कळ बघायचं होतं, पण सूर्य खाली जात होता. धावतपळत घाटावर आलो आणि पाहिलं, तर थांब्यावर वस्तूंची ही लांब ओळ! परतीचीही रांग असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माणसं आपापल्या वस्तू उचलू लागली होती. मी तसाच उभा राहिलो.

"अवो बाबू, इकडे या ना! उचला तुमचा दगड!"

रिकामी टोपली डोक्यावर घेऊन ती बाई पुढून हाका मारत होती. तिने ठेवलेल्या मडक्याच्या काठामागे एक पांढरा गोटा होता.

"हा माझा?"

"मंग कोणाचा? बाजारात बसाच्या आधीच ठेवला. तुमी देवळात गेल्यावर उशीर करान, हे का मले समजत नाई?"

घरी आल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं. खाचा, उंचवटे, मोडलेल्या काड्या. ते मान खाली घालून ऐकत होते. मधेच विचारलं, "काडी कसली व्हती?"

"गवताची."

"जाड असंल."

"बारीकही घालून पाहिली."

त्यांना पटलं नव्हतं, हे दिसत होतं. मग मी मोहाखालची रांग, तांब्या आणि पांढरा गोटा, हेही सांगितलं. ते हसले नाहीत. आतून चकाकणारा तांब्या बराच वेळ हातात फिरवत राहिले.

"पुन्हा कवा जाणार हाईस?"

"बघू. पुढच्या सुट्टीत, बहुतेक."

"मग दोन दगड ठेव," ते म्हणाले, आणि टाकी उचलून कामाला लागले.