अक्नॉलेज काका

संगणकाच्या पडद्यावर एखादी सूचना उमटली की ती कोणी वाचायच्या आत बंद करण्यात अक्नॉलेज काकांचा हात भिलाईत कोणी धरू शकत नव्हतं.

त्यांची सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये, भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे काही बिघडलं की भोंगा वाजायचा. आधी अक्नॉलेजचं, म्हणजे ‘समजलं’ म्हणायचं, बटण दाबून भोंगा गप्प करायचा, मग बिघाड शोधायचा, अशी तिथली रीत. काकांनी तिचा पहिला अर्धा भाग तेवढा उचलला. उरलेला अर्धा माझे बाबा करायचे, कारण दोघे एकाच शिफ्टला असत. निवृत्तीनंतर मोहल्ल्यातले संगणक दुरुस्त करायचा मान काकांनी स्वतःच स्वतःला दिला, आणि तोवर बाबा राहिले नव्हते.

त्यातच मधुमेहाने आईची नजर गेली. नागपूरचं मराठी वर्तमानपत्र ती निधनवार्तांपासून वाचायला घ्यायची, कारण माहेर आणि सासर दोन्ही भंडाऱ्याकडचं. ते सुटलं आणि ती खचलीच. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसायची. मी शेजारच्या दुर्ग शहरात, पद्मनाभपुरात राहते, नोकरीमुळे रविवारीच येणं होतं. नेटवरच्या वर्तमानपत्राच्या पानावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारं एक एक्स्टेंशन मला सापडलं. ब्राउझरला जोडलं की काम झालं. तेवढं बसवून द्या, असं मी काकांना सांगितलं. माझीच अक्कल, दुसरं काय!

संगणकही त्यांनीच आणला होता. हथखोजच्या कारखान्यात पुतण्या होता, तिथला मोडीत निघालेला. "एकदम टनाटन पीस हाये," म्हणाले. एक्स्टेंशन जोडायचं बटण दाबलं की पडद्यावर एक चौकट यायची आणि काका ती टिचकीसरशी उडवायचे.

"काका, काय लिहिलं होतं त्यात?"

"काही नाही वं पोरी. मशीन हाये, बोलतच राह्यते. सगळं वाचत बसलो असतो तं प्लांट चालला असता का?"

मग उपचार सुरू. आधी बंद करून चालू. मग हिस्टरी साफ, तिच्यासोबत मी आईसाठी साठवलेले पासवर्डही साफ. मग ब्राउझर काढून तोच ब्राउझर पुन्हा टाकायचा. एकदा त्यांनी संगणकाचा वेग वाढवणारं काहीतरी उतरवलं. त्यानंतर तो उघडायलाच इतका वेळ लागू लागला की तोवर चहा होऊन जायचा. दोष कधी नेटचा, कधी उन्हाचा, कधी आमच्या वायरिंगचा. मी माऊसकडे हात नेला की, "राहू दे, तुले नाही जमन!" ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांना दुसऱ्याचं न जमणं फार लवकर दिसतं, असं मला तेव्हा वाटायचं, आणि आजही वाटतं.

हार लपवायला ते रोज येऊन आईला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. वाचन काय ते! निम्मी बातमी, निम्मं स्वतःचं भाषण, मध्येच हिंदी. आई मात्र वेणी घालून, खुर्ची ओढून तयार बसायची. एका रविवारी ती म्हणाली, "भाऊजी, आता निधनवार्ता वाचा."

काकांनी पान सरकवलं. "आज कोनीच नाही गेलं, वैनी."

मी मागेच उभी होते. पान भरून माणसं गेली होती. हेही त्यांनी बटण दाबूनच गप्प केलं. यात दया वगैरे काही नव्हती, हाताला लागलेली सवय होती.

पुढे मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना म्हणाले, "आलो की बसवून देतो, वैनी." त्याच रविवारी मी संगणकापुढे बसले, बटण दाबलं आणि ती चौकट पहिल्यांदा वाचली. एक्स्टेंशन जोडायला संस्थेच्या ॲडमिनिस्ट्रेटरची मनाई आहे, एवढंच त्यात होतं. मोडीत निघालेल्या मशीनवर कारखान्याचं कुलूप तसंच राहिलं होतं. इतके महिने! मी सगळं पुसून मशीन कोरं केलं, आणि एक्स्टेंशन पहिल्याच झटक्यात बसलं.

आता यंत्र वाचू लागलं. स्वच्छ, न अडखळता, एक ओळ न गाळता. मी मनातून फार खूश होते.

एका रविवारी मी भाजी निवडत होते. यंत्र निधनवार्ता वाचत होतं. त्याच संथ आवाजात त्याने एक पूर्ण नाव घेतलं, जे आमच्या घरात कधी कोणी उच्चारलं नव्हतं. भिलाईचे निवृत्त कर्मचारी, पुण्यात हृदयविकाराने निधन. मी उठून थांबवेपर्यंत ते पुढच्या नावावर गेलंसुद्धा.

काकांच्या मुलाला फोन केला. चार दिवस छातीत दुखत होतं म्हणे, कोणाला सांगितलंच नाही. संताप आला मला. अहो, हा तरी भोंगा वाजू द्यायचा!

संध्याकाळी आईने खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली. मग म्हणाली, "तुह्या मशीनले समजत नाही वं काही. भाऊजी असते तं म्हनले असते, आज कोनीच नाही गेलं, वैनी."