वाकडा पट्टा

टॅपस्कॉटबाईंनी एकतीस वर्षं आमच्या मिंडारिनच्या शाळेची बस चालवली. आरशातून बघून त्यांनी ज्याला दम दिला, तो पुढे आजोबा झाला तरी त्यांना नावाने हाक मारायला धजत नसे. मी पन्नाशीला आलोय, गव्हाचा शेतकरी, गावच्या आग विझवणाऱ्या तुकडीचा कॅप्टन. पण त्यांच्या दारात टोपी काढूनच उभा राहायचो.

नवरा वारल्यावर बाईंनी शेत विकलं आणि रस्त्यालगतचं वीस एकर रान तेवढं ठेवलं. नुसती खडी आणि खुरटी झुडपं, मेंढरू तोंड लावणार नाही असं. बाईंना म्हातारचळ लागलाय, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

आमच्याकडे, जगाच्या दक्षिण टोकाला, उन्हाळा डिसेंबरात लागतो. त्याआधी, एक नोव्हेंबरच्या आत, प्रत्येकाने जमिनीच्या कडेने जाळपट्टा काढायचा असतो. कुंपणालगतची चार मीटर जमीन खरवडून उघडी करायची, म्हणजे आग आली तर तिथे अडते. बाई आपल्या जुन्या ट्रॅक्टरने पट्टा काढायच्या. पण पश्चिमेला तो मध्येच आत वळायचा, तीसेक पावलांचा वळसा घ्यायचा आणि परत कुंपणाला लागायचा. सुटलेल्या तुकड्यातलं वाळकं गवत त्या गुडघ्यांवर बसून हाताने उपटायच्या.

"काय हो बाई, बसपण अशीच चालवायचात का?" कॅप्टन म्हणून पट्टा तपासायला गेलो की मी दर वर्षी विचारायचो.

"दिसत नाही रे आता, क्लेम. लिही तुझ्या वहीत, म्हातारीचा हात वाकडा."

त्यांना सगळं दिसत होतं. आंधळा मीच होतो.

गेल्या ऑक्टोबरात बाई पायरीवरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्यांना चाळीस मैलांवरच्या इस्पितळात नेलं. पट्टा व्हायचा होता. आमच्याकडे कुणी अंथरुणाला खिळलं की शेजारी न विचारता त्याचं काम उरकून टाकतात. विचारलं तर समोरचा "नको, नको" म्हणणार, म्हणून विचारायचंच नाही, अशी रीत. माझा गहू कापणीला आला होता, तरी रविवारी सकाळी ग्रेडर, जमीन खरवडायचं पात्याचं यंत्र, काढला आणि बाईंच्या रानाला चारी बाजूंनी सणसणीत पट्टा मारला. वळणापाशी पोचलो तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी हा सरळ करू. पातं खाली टाकलं आणि कुंपणालगत सरळ निघालो.

त्या तुकड्यात काड्यांच्या टोकांना बायकांच्या नायलॉनच्या मोज्यांचे तुकडे बांधलेले होते, बोटभर पिशव्यांसारखे. कुणाचा तरी आचरटपणा, असं वाटलं. पात्याखाली गेले. दोन-तीन मी उतरून उचलले, बाईंना दाखवून हसवायला.

चार दिवस ते गाडीच्या काचेपाशी उन्हात पडून होते. गुरुवारी मी इस्पितळात गेलो.

"बाई, पट्ट्याची काळजी सोडा. करून टाकला."

बाई उशीवरून उठायला बघत म्हणाल्या, "कुठून कुठपर्यंत?"

"सगळा! पश्चिमेचा वाकडा होता तोही सरळ केला. आणि हे बघा, रानात मोजे वाळत घालता होय?"

त्यांनी माझ्या हातातली एक पिशवी घेतली. गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला. आतून एक हिरवट-तपकिरी, सुरकुतलेलं बोंड निघालं. ते त्यांनी तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटली.

"थँक्यू, क्लेम," त्या म्हणाल्या. "आता घरी जा."

मला खरं काय ते त्यांनी सांगितलं नाही. शहरातून वनस्पतीखात्याची एक बाई बोंडं काढायला पुढच्या सोमवारी यायची होती. बाईंचा निरोप मिळताच ती शुक्रवारीच आली आणि माझ्या अंगणात उभं राहून तिने सांगितलं. त्या तुकड्यात लाल कोळी नावाचं ऑर्किड होतं. केसाळ एकच पान, एकच फूल, पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या लांब. जगात कुठे नाही, फक्त बाईंच्या कुंपणाशी, एकोणीस झाडं. ज्या गांधीलमाशीमुळे ते फळतं ती आमच्या फवारण्यांनी संपली, म्हणून बाई दात कोरायच्या काडीने एकेका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायच्या. बी धुळीसारखं बारीक, ते उडू नये म्हणून मोज्यांच्या पिशव्या. दहा बोंडांतलं एकच न्यायचं, बाकीची झाडाखालीच झडू द्यायची, हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. शहरात रुजवलेली रोपं परत तिथेच लावायची, कारण त्या बियांना लागणारी बुरशी फक्त तिथल्या मातीत. बारा वर्षांत त्यांनी चाळीस लावली, जगली दोन. त्या एकोणिसांत ती दोन धरलेली होती. आणि यंदा पहिल्यांदाच सगळी फुलली होती.

कंद दोन बोटं खोल असतात. माझं पातं चार बोटं खोल होतं.

पात्याने कडेला लोटलेला मातीचा वरंबा आम्ही दोघांनी चाळणीने चाळला. चार कंद सापडले, मनुकांसारखे सुकलेले. मग मी इस्पितळात गेलो आणि बाईंवर ओरडलो. हो, आजारी बाईवर ओरडलो.

"मला एका शब्दाने सांगितलं असतंत तर! मी काय वैरी होतो तुमचा?"

"चोर येतात रे, खणून नेतात. कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"मी कुणीही आहे का?"

बाई खिडकीकडे बघत होत्या. "तू दुसरीत होतास. रानकोंबडीचा अंड्यांचा ढीग मी तुला एकट्याला दाखवला होता. तू सगळ्या बसला सांगितलंस. दुसऱ्या दिवशी पोरांनी एक अंडं ठेवलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या पोटात काही राहत नाही, क्लेम. तू मनाचा चांगला आहेस. पण राहत नाही."

मला ते आठवतही नव्हतं. त्यांच्या मात्र बेचाळीस वर्षं लक्षात होतं, आणि तरीही दर वर्षी त्या मला हसून चहा द्यायच्या. याची मला आज फार लाज वाटते.

बाई इस्पितळातून परत आल्या नाहीत. जूनमध्ये गेल्या. ऑर्किडचं पान त्याच सुमारास वर येतं. खात्याच्या बाईने कुंड्यांत लावलेले ते चारही कंद कुजले. माझ्याकडची बोंडं कच्चीच भाजली होती, त्यातलं एकही बी रुजलं नाही. मी जून, जुलै, ऑगस्ट, रोज सकाळी त्या पट्ट्यात गुडघ्यांवर रांगलो. बायकोने विचारलं, कुठे जातोस? मी म्हटलं, मेंढ्या बघायला. तुकडीतल्या मित्रांनी विचारलं, तरी बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात काही राहिलं.

सप्टेंबर सरला. खात्याच्या बाईने शेवटची फेरी मारली, वहीत शून्य लिहिलं आणि म्हणाली, आता जागा लपवायची गरज नाही.

म्हणून सांगतो. चर्चवरून गव्हाच्या कोठाराकडे जाणारा रस्ता, तिसरं फाटक, पश्चिमेचं कुंपण. तिथे पट्टा अगदी सरळ आहे.