मागाच्या खड्ड्यातली दलदल

ताराचंदने हातमाग विकला आणि उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला लागला; घरी यायचा तो फक्त रविवारी. नागपूरच्या कोष्टीपुऱ्यातल्या खोलीत त्याची बायको अनुसया आणि लकव्याने खाटेला खिळलेली आई रुख्माबाई, दोघीच उरल्या. माग गेला, पण विणताना पाय सोडून बसायचा खड्डा तसाच राहिला. त्यात बाराही महिने पाणी झिरपायचं.

रुख्माबाईंना क्षणभरही एकटं ठेवलं की त्या घाबरून ओरडत. अनुसया नळावर जायची आणि अर्धी बादली भरली की पळत यायची. सख्ख्या भावाच्या लग्नालाही तिला जाता आलं नव्हतं.

एका रविवारी ताराचंदने डब्यातून कासव आणलं आणि खड्ड्यात सोडलं.

"आईचं मन रमन," तो म्हणाला.

"अन् माहं कोन रमवन?"

तो हसला आणि संध्याकाळच्या एसटीने गेला.

कासव दिवसभर खड्ड्याची भिंत खरवडत राहायचं. तो आवाज अनुसयेला ऐकवेना. तिने विटा रचून, माती थापून त्याला बसायला उतार केला. पण उघड्या चिखलावरही ते तसंच खरवडत राहिलं. मग त्याला आडोसा म्हणून झाडं लावायचं तिने ठरवलं. स्वतः कुठे जाता येत नव्हतं, म्हणून शेजारची इंदूबाई आणेल ते लावायचं. तुळशीची मुळं सडली. झेंडू छतातल्या एका काचेच्या कौलाकडे मान ताणत पांढुरका झाला आणि आडवा पडला. कमळाच्या कांद्याला एक पान आलं आणि उन्हावाचून तेही कुजलं.

शेवटी इंदूबाईने अळू आणला. तो त्या ओलीत, त्या अंधुक उजेडात असा फोफावला की उतार झाकून गेला. कासवाने एक पान चावून पाहिलं, टाकून दिलं आणि पुन्हा कधी तोंड लावलं नाही.

"झालं तुह्यं काम," इंदूबाई म्हणाली. "हे मरत नाही, कासव खात नाही. आता काही आनाची गरज नाही."

अनुसयेने मान डोलावली. पण गरज नाही, हे शब्द तिच्या छातीत रुतून बसले.

पुढच्या रविवारी ती ताराचंदला म्हणाली, "मले तलावावर जा लागते. कासवाले खायले पाला पायजे."

"मी आनतो ना."

"तुमाले नाही समजत कोनता आनाचा."

नवऱ्याला असं ती पहिल्यांदाच बोलली होती. तो आईजवळ जाऊन बसला.

नाईक तलावाच्या काठी ती गुडघाभर पाण्यात उतरली. जलपर्णी उपटली आणि परत फेकली; त्या गचपणात कासवाला डोकं वर काढायला जागा उरली नसती. नाळीच्या भाजीचे कोवळे वेल घेतले, ब्राह्मी मुळासकट घेतली. टोपली भरली तरी ती तशीच उभी राहिली. पायाखाली चिखल गार होता. सासूची हाक इथे पोचणं शक्यच नव्हतं, तरी तिला ती ऐकू येत होती.

घरी आली तेव्हा ताराचंद घामाघूम झाला होता. आईचं ओलं अंथरूण त्याने पहिल्यांदाच स्वतः बदललं होतं.

"काहून एवढा उशीर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "असं रोजच होते का?"

"रोज."

तिने टोपली खड्ड्याशी ठेवली, अळू कांद्यासकट उपटला आणि उतारावर वेल आणि ब्राह्मी लावली. कासवाने आठवडा संपायच्या आत सगळं फस्त केलं.

"काहून वं, चांगला अळू काढला?" इंदूबाईने विचारलं. "टिकत होता ना थो."

"टिकत होता म्हनूनच काढला."

रुख्माबाई त्यानंतरही बरीच वर्षं जगल्या. कोवळा पाला दर आठवड्याला संपायचा. दर रविवारी ताराचंद आईजवळ बसायचा आणि अनुसया रिकामी टोपली घेऊन तलावाकडे निघायची. दिवेलागणीच्या आत ती परतायची, आणि उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच पदर खोचायची.