फौजीच्या घरातलं हसायचं पुस्तक

नवरा फौजेतून निवृत्त होऊन आला तेव्हा गावानं त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. तलवाड्याहून डीजे मागवला होता. शाली इतक्या आल्या की पुढं वर्षभर नात्यातल्या प्रत्येक लग्नात मी त्याच फिरवल्या, आणि त्यातली एक तर फिरून माझ्याच अंगावर आली. या शाली-नारळांच्या ढिगात एक पुस्तक होतं. शाळेतल्या मराठीच्या सरांनी दिलेलं. हारतुऱ्यापेक्षा पुस्तक द्यावं असं ते प्रत्येक सत्काराला म्हणतात आणि खरंच देतात. मुखपृष्ठावर हेल्मेट घातलेला सैनिक, हातात बंदूक, मागं धूर. "आपल्या जवानाच्या शौर्याला साजेशी वीरगाथा," असं सरांनी माईकवरून सांगितलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

नवऱ्यानं ते उघडलंही नाही. शालींबरोबर कपाटात टाकून दिलं. मला मात्र वाचायचा नाद आहे, भजी बांधून आलेला कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. तूर काढून झाली, दुपारी जरा टेकायला मिळायला लागलं, तेव्हा मी ते बाहेर काढलं.

वीरगाथा कसली, परदेशातल्या कुठल्यातरी जुन्या लढाईवरची कादंबरी होती, मराठीत आणलेली. त्यातला सैनिक रोज सकाळी उठून आज मरण कसं टाळावं याचा विचार करतो, आणि त्याचे साहेब आज याच्या बुटाला पॉलिश का नाही याचा. मी इतकी हसले की सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "कावून हसायलीस गं एकटीच? डोकं-बिकं फिरलं काय?" मी त्यांना एक पान वाचून दाखवलं. त्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "आपल्या ग्रामपंचायतीसारकंच हाय की."

पुढं पुढं मात्र भलतंच व्हायला लागलं. ज्याच्या बोलण्यावर मी मघाशी हसले होते तो पुढच्या पानावर मरून जायचा. धड रडायलाही लेखक वेळ देत नव्हता, लगेच दुसरा विनोद. मला ते हसू घशाखाली उतरेना. खोलीत नवरा झोपला होता. खाटेखाली चपला अशा सरळ लावलेल्या की आत्ता कुणी तपासायला येणार आहे. मी त्याच्याकडं बघत राहिले. माझ्या लेखी त्याची नोकरी म्हणजे पगार, सुट्टी आणि कँटीनच्या सामानाची पिशवी. फोनवर कधीही विचारा, "सगळं ठीक हाय, कापूस किती निघाला?" एवढंच. आता माणूस धडधाकट घरी आलेला, समोर घोरतोय, आणि माझ्या हातापायाला घाम सुटला. होऊन गेलेल्या गोष्टीचं भय इतकं उशिरा येतं हे मला माहीत नव्हतं.

सर एकदा चहाला आले तेव्हा मी विचारलं, "सर, तुम्ही वाचलंय का ते पुस्तक?"

"खरं सांगू का वहिनी, वेळच नाही मिळाला. चित्र बघून घेतलं. कावून, काही वावगं हाय का त्यात?"

मी पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. आठवडाभरानं ते परत घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वहिनी, हे कपाटातच राहू द्या. फौजेची टिंगल हाय सगळी. कुणी एखाद्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर मास्तरानं जवानाचा अपमान केला म्हणून माझ्या दारात गाड्या येतील. माझी अजून नोकरी राहिलीय." चहाही अर्धा टाकून गेले. मला हसू आलं. भीती त्यांनाही होती, पण ती पुस्तकाची होती. माझी वेगळी होती आणि ती रोज पहाटे उठून उमापूरच्या रस्त्यानं पळायला जात होती.

ती म्हणजे माझा मुलगा, एकोणीस वर्षांचा. नावाला गेवराईच्या कॉलेजात, खरा भरतीच्या अकॅडमीत. त्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला आणि टीव्हीवर दिवसभर भोंगे वाजायला लागले. बातम्या सांगणारे स्टुडिओत बसून असे ओरडत होते की जणू तेच आत्ता निघालेत. मुलगा आणि त्याचे दोस्त आमच्या ओसरीवर बसून ते बघायचे. एक म्हणायचा, "आता मोठी भरती निघती बघ बे." बाकीचे माना डोलवायचे. मी आत भाकरी थापत असायचे आणि माझे हात थांबायचे. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला की सासूबाईच ओरडायच्या.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही त्याला काहीतरी सांगा. तो म्हणाला, "काय सांगू? मी बी गेलतोच की."

मग मी काट्यानं काटा काढायचं ठरवलं. पुस्तक पोराच्या हातात दिलं. वाटलं, मला जिथं घाम फुटला तिथं यालाही फुटेल. ज्यानं बारावीचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा उघडलं होतं, त्यानं हे दोन दुपारींत संपवलं. लिंबाखाली खाट टाकून वाचत होता आणि खाट हलेपर्यंत हसत होता.

"आई, लई भारी हाय. एक नंबर."

"भ्या न्हाई वाटलं?"

"भ्या कशाचं? कसली मजा करतेत ते पोरं. एका तंबूत, एका ताटात. इथं काय हाय सांग. कापूस, न्हाई तर ऊस. तितं निदान दोस्त तर हायेत."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. माणसं लढाईला जाऊ नयेत म्हणून कुणीतरी जीव तोडून एवढं जाड पुस्तक लिहिलं, आणि माझ्या पोराला त्यात जायचंच कारण सापडलं. त्या दिवशी मला त्या लेखकाचाही राग आला. इतकं हसवायची काय गरज होती?

पुस्तक मग सगळ्या टोळीत फिरलं. एका संध्याकाळी सहा-सात जण आमच्या अंगणात जमले आणि मुलगा त्यातला सगळ्यात गाजलेला भाग मोठ्यानं वाचायला लागला. नवरा कडेला बसून ठिबकची फुटलेली नळी जोडत होता. सासूबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या.

तो भाग असा. आचारी सकाळच्या हजेरीप्रमाणं पाव भाजतो आणि संध्याकाळी पाव उरतात. उरलेला पाव कुणाचा यावरून दोन सैनिक वकिलासारखे भांडतात. तेवढ्यात साहेब येतो आणि पाव वाया का गेले याची चौकशी लावतो. माणसं कुठं गेली हे साहेब विचारतच नाही. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती.

आणि नवरा हसला. घरी आल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरं आणखी खूश झाली.

"आमच्या लंगरला जेवायला अंडी होती," तो म्हणाला. "उकडलेली. माणशी दोन. सकाळी गस्तीला गेलेले संध्याकाळी सगळे आले न्हाईत. अंडी उरली. लई भूक लागल्ती. मी चार खाल्ली."

पोरं हसायच्या बेतातच होती. एकाचं हसू तर फुटलंही आणि मधेच अडकलं. नवरा पुन्हा नळी जोडायला लागला. नळी बसत नव्हती. मला उठून त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण सगळ्यांसमोर कसं जायचं म्हणून मी तिथंच बसून राहिले.

मुलानं पुस्तक मिटलं. त्यानं विचारलं, "पप्पा, मग तुमी सुट्टीहून परत कावून गेलते?"

नवऱ्यानं विचार केला. खरंच केला, उत्तर ठाऊक नसल्यासारखा.

"कुणी नको म्हणलंच न्हाई," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात माझ्यावर किंवा कुणावर ठपका नव्हता. कापूस किती निघाला विचारावं तसं तो म्हणाला. पण सासूबाईंचे लसूण सोलणारे हात थांबले. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनीच मला सांगितलं होतं, फौजीला जाताना अडवायचं नसतं, डोळ्यात पाणी आणायचं नसतं, अपशकुन होतो. मी कधी आणलं नाही. प्रत्येक सुट्टी संपली की त्याच्या हातावर दही-साखर घातली, हसतमुखानं, आणि मग गोठ्यात जाऊन उभी राहिले. त्याला वाटत राहिलं की जावंच लागतं, घरच्यांचीही तीच इच्छा आहे.

त्यानंतर पोरं पुस्तक वाचायला जमली नाहीत. पळायला मात्र जात राहिली. मला वाटलं होतं, आता तरी हा थांबेल. मी रोज पहाटे अंथरुणात पडून कान देत होते आणि रोज फाटकाची कडी वाजत होती.

भरतीचा दिवस आला. गावातून एक जीप ठरवली होती, पोरं आधीच आत दाटीवाटीनं बसली होती. दारात शेजारणी, दीर, जाऊ, सगळे. सासूबाईंनी वाटीत दही-साखर आणली आणि माझ्या हातात दिली. मी मुलाच्या तळहातावर चमचा टेकवला, तो पाया पडायला वाकला, आणि मी म्हणाले, "नको जाऊ."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकलं. जाऊबाईंनी तोंडावर पदर घेतला. कुणीतरी मागून म्हणालं, "आता निघतानी असं बोलतेत का?" अपशकुनाची भीती मलाही होती, आजही आहे. सासूबाईंकडं बघायची हिंमत नव्हती, पण त्यांनी मला अडवलं नाही. नवरा जीपजवळ उभा होता, तो फक्त माझ्याकडं बघत राहिला.

"नको जाऊ," मी परत म्हणाले. "मला लई भ्या वाटतं."

मुलगा सरळ झाला. आता हसून उडवून लावेल असं मला वाटलं. तो माझ्या कानाशी आला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलला.

"मला बी, आई."

मग त्यानं हातावरचं दही चाटलं, हात पँटला पुसला आणि जीपमध्ये चढला. आत पोरं कशावरून तरी हसत होती. जीप वळणावर गेली तेव्हा त्या हसण्यात त्याचाही आवाज होता.