सुकटीवरचं झाकण

झाडावर चढलेला माणूस खाली उतरेपर्यंत टोपावरचं झाकण काढायचं नाही, हा आमच्या टोळीचा नियम. पनवेल, कळंबोली, रोडपाली अशी फिरून आम्ही झाडं छाटायची कामं करतो. मी वर करवत घेऊन, आणि खाली माझा दोर धरून माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. दुपारचं जेवणही तेच रांधायचे, आणि मी उतरलो की झाकणही तेच काढायचे. करंजा बंदरावरून आणलेली सुकट, वांगं घालून, तीन दगडांच्या चुलीवर. तशी सुकट माझ्या बहिणीलाही जमत नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय.

रोडपालीतल्या एका सोसायटीत सकाळपासून झाडांची अख्खी रांग छाटली. शेवटी गुलमोहर राहिला. त्याची मोठी फांदी मी कापली, पण ती खाली न येता शेजारच्या फांदीत अडकून बसली. अशा फांदीखाली आम्ही बिडी पेटवायलासुद्धा थांबत नाही. जेवून मग दोर टाकून ओढू, असं ठरलं.

दाजींनी पार्किंगच्या कडेला सावलीत चूल मांडली होती. सेक्रेटरी खाली आले. "इथे नको हं, वास वर जातो. लोक कम्प्लेंट करतात."

वास म्हणे! मघाशी झाडावर असताना ह्यांच्याच खिडकीतून तळलेल्या बोंबलाचा वास मला आला होता. तो चालतो, गॅसवरचा ना!

दाजींनी गुपचूप टोप उचलला. मे महिन्याचं ऊन, जायचं कुठं? बाकीची सावली सकाळपासून आम्हीच तोडून ठेवलेली. उरली ती गुलमोहराची.

"दाजी, वर फांदी हाय."

"हाय ना. सावली पन तिचीच हाय. होतंच आलंय, तू हात धुवून ये."

मी नळावर होतो तेव्हा कडकड आवाज आला.

दाजींचा उजवा हात कोपरातून मोडला. टोप उलटा, सुकट सगळीकडे. सेक्रेटरी धावत आले आणि देवाशपथ सांगतो, त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अहो, फरशीला हळदीचे डाग पडले की!" ठेकेदार त्याच्याही वरचढ. म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत झालं, कामावर कुठं झालं?" घ्या! म्हणजे दोर धरताना हात त्याचा, आणि मोडला की आमचा.

प्लास्टर निघालं, पण कोपर काही सरळ होईना. बहीण रोज तेल चोळायची. दाजी दाराच्या कडीला दोर बांधून ओढून बघायचे. "पाऊस सरला की येतो कामावर," म्हणायचे. मी हो म्हणायचो. एकदा गेलो तर कडीला दोर नव्हता. बहिणीनं तो अंगणात बांधून त्यावर कपडे वाळत घातले होते.

मग सेक्रेटरींनीच उपकार केले, दाजींना त्याच सोसायटीत वॉचमन म्हणून ठेवलं. गुलमोहर तोवर बुंध्यापासून गेला होता.

यंदा तिथंच पुन्हा छाटणी निघाली. माझा दोर आता दुसराच कुणी धरतो. माणूस वाईट नाही, पण वर गेलं की मी दर फांदीला खाली वळून दोर बघतो, खोटं कशाला बोलू? दुपारी मी भिंतीच्या सावलीत चूल मांडली. दाजींसाठी मुद्दाम सुकट आणली होती. झाकण ठेवून वाट बघत बसलो.

दाजी आले, खाकी शर्टात. वर गॅलरीत सेक्रेटरी उभे होते.

"इथं चूल नाय चालत," दाजी जमिनीकडे बघत म्हणाले. "गेटाबाहेर जा."

"दाजी, सुकट हाय."

"ठावं हाय. वास आला मला." मग हळूच म्हणाले, "जा ना रं बाबा."

आम्ही टोप उचलला आणि रस्त्याच्या कडेला उन्हात बसलो. दाजींनी डाव्या हातानं गेट लावून घेतलं. बाकीचे ताटल्या घेऊन माझ्याकडे बघत होते. मी झाकणावरचा हात काढेना.

"ते नाय येत आता," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा मीच झाकण काढलं.