रघू मोरेच्या मोटारीतलं लाँचचं इंजिन

सकाळचे साडेसात. महाडच्या बाजारपेठेच्या टोकाला यासीनमिस्त्रीचं गॅरेज. दारात दगडांवर चढवलेली एक जुनी अमेरिकन मोटार. बॉनेट उघडं, आत इंजिन नाही.

पन्नास सालानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मुंबईच्या एका दैनिकाचा मी महाडचा बातमीदार. सभा, पूर, निवडणुका, सगळ्यांवर रकाने भरभरून लिहिलं. पण मित्र जमले की त्यातलं एक अक्षर कोणी विचारत नाही! "ते मोटारीचं सांग," म्हणतात. आणि एक किस्सा निघाला की मागचे आपोआप गोळा होतात, घाटात बंद पडलेल्या ट्रकमागे गाड्या तुंबतात तसे.

मोटार पोलादपूरच्या रघू मोरेची. मुंबईची गिरणी सोडून तो गावी आला आणि महाडहून पोलादपूर आणि पुढे कशेडी घाटापार उतारू नेऊ लागला. एकदा घाटात इंजिन तापलं, तर या शहाण्याने त्यावर ओढ्याचं गार पाणी ओतलं. इंजिनाचा लोखंडी ब्लॉकच तडकला! त्यात परमिटची तपासणी तोंडावर आलेली. इन्स्पेक्टर स्वतः बसून कशेडी घाट चढवून बघणार. गाडी चढली नाही तर परमिट रद्द, आणि रघू पुन्हा गिरणीत. त्याची बायको पार्वती बजावून मोकळी झाली होती, "जायचं तर एकटं जावा. मी काय चाळीत ऱ्हायला येनार नाय!"

* * *

सावित्री नदीकाठी दासगावला एक लाँच मोडीत निघाली होती. तिच्यात ट्रकचं डिझेल इंजिन बसवलेलं. ते बैलगाडीत घालून महाडला आणलं तेव्हा बघायला अर्धी बाजारपेठ लोटली.

"काय मिस्त्री, आता मोटार रस्त्यानं जानार का सावित्रीतनं?" एकाने खवचटपणे विचारलं.

यासीनमिस्त्री मान वर न करता म्हणाला, "रस्त्यानंच जाईल. तू पोहत ये मागनं!"

* * *

इंजिन चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ज्या लोखंडी पायांवर बसतं, त्यांना गॅरेजात माउंटिंग म्हणतात. मोटारीतले पाय जुन्या इंजिनाच्या मापाचे. लाँचच्या इंजिनाला नवे घडवायला हवे होते. डावं यासीनने घ्यायचं, उजवं गॅरेजातच भाता मांडून बसणाऱ्या धोंडू लोहाराने. वेळ वाचेल म्हणून दोघांनी एकदमच सुरुवात केली. माप ठरलं: एक वीत आणि वर चार बोटं.

यासीन सहा फूट उंच. धोंडू त्याच्या खांद्याला लागेल एवढा. दोघांनी आपापली वीत लावली!

इंजिन बसवलं तर ते जेवून उजव्या कुशीवर कलंडल्यासारखं दिसू लागलं.

"तुझी वीत आखूड हाय, धोंडू."

"माझ्या बापाची वीत हीच व्हती. तिच्यावर अख्ख्या पोलादपूरच्या बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसल्या. तुझाच पंजा राक्षसाचा, यासीनभाय!"

मी घरी जाऊन फूटपट्टी आणली. तोवर एकमेकांच्या अंगावर जाणारे ते दोघे लगेच एक झाले. "पत्रकार," यासीन म्हणाला, "इंजिन उचलायला आम्हीच लागतो. का पट्टी उचलील?"

उजवं माउंटिंग धोंडूनेच पुन्हा घडवायचं ठरलं, ते यासीनच्या वितीने. हे ठरेपर्यंत धोंडू जेवला नाही. रागाने नव्हे, रोज जेवायला यासीनकडेच जायचा म्हणून!

* * *

माउंटिंगखाली जाड रबर लागतं, नाहीतर इंजिनाचा सगळा थरकाप गाडीत उतरतो. मुंबईहून मागवलेलं रबर काही येईना. एका दुपारी चहा पिऊन मी गॅरेजातून बाहेर पडलो, तर दारातल्या माझ्या चपलांचे नुसते पट्टे उरलेले. टायरचे तळ गायब!

"लय दनकट व्हते," धोंडू आतून म्हणाला. "पायात वाया जात व्हते."

मी भर उन्हात अनवाणी घरी गेलो. त्यानंतर रघू उतारूंना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "माझी मोटार ह्यांच्या चपलांवर उभी हाय!"

* * *

एवढी करामत चालली आहे म्हणून मी दीड रकाना बातमी पाठवली. आमच्या दीडशहाण्या उपसंपादकाने तिच्या दोन ओळी केल्या आणि 'अपघात' या मथळ्याखाली छापल्या: महाड येथे लाँच व मोटार एकत्र आल्या!

दुसऱ्या दिवशी दासगावहून माणसं आली, मेलेल्यांची चौकशी करायला. मी संपादकांना खरमरीत पत्र लिहिलं. ते त्यांनी 'वाचकांचा पत्रव्यवहार' मध्ये टाकलं!

* * *

नवं उजवं माउंटिंग तयार होईपर्यंत तात्पुरत्या बांधणीवर इंजिन सुरू केलं. बॉनेट थडथडलं, दारं वाजली, समोरच्या दुकानातल्या बरण्या नाचल्या. रघूने हौसेने एका म्हाताऱ्या आजीला बसवून बाजारपेठेतून चक्कर मारली. आजी उतरली, तोंडातली सुपारी हातावर घेतली आणि म्हणाली, "रघू, ही चांगली केलीस रे. दात नाय मला, पन सुपारी फुटली!"

* * *

आणि तपासणीचा दिवस. इन्स्पेक्टर पुढे रघूशेजारी. मागे यासीन, धोंडू आणि मी. पोलादपूर सोडलं आणि कशेडीचा चढ लागला. रघूचे ओठ हलत होते. देवाचं नाव होतं की पार्वतीचं, कळलं नाही. प्रत्येक वळणावर गाडी घरघरली, पण थांबली नाही. माथ्यावर इन्स्पेक्टरने बॉनेट उघडायला लावलं, वाकून दोन्ही माउंटिंग पाहिली आणि म्हणाला, "काम मजबूत आहे." तिथेच सही केली. रघूने मला मिठी मारली, धोंडूला उचललं, यासीनला उचलता येईना म्हणून त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या.

आम्ही विजयी मुद्रेने गॅरेजात परतलो. धोंडूने हातोडी ठेवायला भात्याकडचं पोतं बाजूला केलं आणि तिथेच खाली बसला. पोत्याखाली उजवं माउंटिंग होतं. नवं, लोखंडी, यासीनच्या वितीचं.

"मग गाडीत काय हाय?" रघूने विचारलं.

सगळे बॉनेटखाली वाकले. भोकं जुळतात का बघायला धोंडूने आधी सागाच्या लाकडाचा नमुना कोरला होता. तोच नट-बोल्ट आवळून बसला होता. लाकडावर इंजिन कशेडी चढून आलं होतं!

"मला वाटलं, यासीनभायनं बदललं."

"मला वाटलं, तू!"

रघू हसायला लागला तो थांबेचना. मी मात्र नखाने नमुना खरवडून पाहिला. आत साग चांगला पिवळसर होता, आणि वर कोणीतरी काळ्या रंगाचे दोन हात मारले होते, अगदी लोखंड दिसावं असे.

यासीनच्या गॅरेजात काळा रंग कधीच नव्हता. हसणाऱ्या रघूच्या नखांत मात्र तो होता.